शाळेची कौलं आणि कॅलिफोर्नियाची मतपत्रिका

(या वेळी दोनच पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं, त्याला इलाज नव्हता.)

प्रश्न : गुरुजी, सप्रेम नमस्कार. जांबोटी भागातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेच्या एसडीएमसीचा, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीचा मी अध्यक्ष आहे. पट ५८. दोन खोल्यांवर मंगळुरी कौलं आहेत आणि गेले दोन पावसाळे त्या गळतात. तिसरीचा वर्ग व्हरांड्यात बसतो. मे महिन्यात माझा भाचा कॅलिफोर्नियाहून आला होता. त्यांच्या स्कूल डिस्ट्रिक्टनं शाळांची छपरं, पाइप, वायरिंग बदलायला मतपत्रिकेवर प्रस्ताव ठेवला आणि लोकांनी मतं देऊन स्वतःवर कर बसवून घेतला, असं त्यानं सांगितलं. आम्हालाही गावात मतदान घेऊन घरटी पैसे काढता येतील का? अर्धं गाव म्हणतं, सरकारची शाळा आहे, सरकार बघून घेईल.
— एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : अध्यक्षसाहेब, 'स्कूल डिस्ट्रिक्ट' हा शब्द वाचून मला आधी हसू आलं, कारण तसला जिल्हा आपल्याकडेही आहे. महसुलाला बेळगाव जिल्हा एकच, पण शिक्षण खात्याच्या हिशेबात दोन : बेळगाव शैक्षणिक जिल्हा आणि चिक्कोडी शैक्षणिक जिल्हा. दोन्हीकडे वेगवेगळे उपसंचालक. फक्त आपल्या शैक्षणिक जिल्ह्याला एक रुपयाचाही कर बसवता येत नाही. तो वरून आलेले पैसे आणि वरून आलेली परिपत्रकं खाली पाठवतो. तिकडचा स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळांपुरती वेगळी काढलेली ग्रामपंचायत समजा. त्याचं मंडळ लोक निवडून देतात, त्याचा हिशेब वेगळा, आणि मतदारांनी होय म्हटलं तर त्याला कर्ज काढता येतं. अमेरिकेत असे तेरा हजारांच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत.

'कर्ज' हा शब्द भाच्याच्या बोलण्यात आला नसेल. लोकांनी कर भरला आणि दुसऱ्या दिवशी गवंडी आला, असं तिथं होत नाही. डिस्ट्रिक्ट रोखे विकतो, आलेल्या पैशांतून बांधकाम करतो आणि ते कर्ज व्याजासकट पंचवीस-तीस वर्षं घरमालकांच्या मालमत्ता करातून फेडलं जातं. आज पहिलीत असलेलं पोर बापाच्या वयाचं होईपर्यंत ते छप्पर फिटत असतं.

कॅलिफोर्नियात १९७८ साली लोकांनीच मतदान करून मालमत्ता कर घराच्या नोंदलेल्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधून टाकला. शाळेसाठी कर्ज काढायचं तर दोन तृतीयांश मतं लागत, ही अट १८७९च्या राज्यघटनेपासूनची. शंभरात ६५ जण होय म्हणाले तरी प्रस्ताव पडायचा. नोव्हेंबर २००० मध्ये प्रस्ताव ३९ मंजूर झाला आणि शाळांपुरती ती रेघ ५५ टक्क्यांवर आली. ही सवलत मात्र फुकट नव्हती. कुठल्या शाळेत काय काय करणार त्याची यादी आधी छापायची. तो पैसा शिक्षकांच्या किंवा साहेबांच्या पगाराला लावायचा नाही. दरवर्षी ऑडिट करायचं, आणि डिस्ट्रिक्टचे नोकर किंवा ठेकेदार नसलेल्या नागरिकांची देखरेख समिती नेमायची. करालाही कमाल मर्यादा घातली. पहिली ते बारावी एकत्र चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टला एका मतदानातून घराच्या दर लाख डॉलर नोंदलेल्या किमतीमागे वर्षाला ६० डॉलरपेक्षा जास्त बोजा टाकता येत नाही. भाच्याचं घर पाच लाख डॉलरला नोंदलं असेल तर जास्तीत जास्त ३००. टेक्सासात तर २०१९ पासून असल्या मतपत्रिकेवर 'ही मालमत्ता करातली वाढ आहे' हे स्पष्ट छापावं लागतं. शाळेच्या गोड नावाखाली कर लपवायला जागा ठेवलेली नाही.

आता तुमचा प्रश्न. शाळेसाठी मतदान घेऊन कर बसवायची तरतूद आपल्या कायद्यात नाही. मतदान घेतलंत तरी कागदावर ती वर्गणीच राहणार, आणि जो देणार नाही त्याच्यावर तुमची जबरदस्ती चालणार नाही.

पण आपण शाळेसाठी कर भरत नाही असंही समजू नका. प्राप्तिकर भरणाऱ्याच्या करावर आरोग्य आणि शिक्षणाचा ४ टक्के सेस आहे. आपल्या गावठाणातल्या घरपट्टीच्या पावतीवर वाचनालयाचा सेस असतो, भिक्षेकरी सेससुद्धा असतो. पावती एकदा चष्मा लावून वाचा, करमणूक होईल. हे सगळं आपल्याला न विचारता बसलेलं आहे आणि त्यातलं किती आपल्या कौलांवर पडलं, ते शोधायला वाट नाही. आपला भाग मुंबई इलाख्यात होता तेव्हा निदान वाट दिसत होती. १८६०च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी राखलेला असे. तेव्हाही शेतकऱ्याला कुणी मत विचारलं नव्हतं, पण आण्यातला हिस्सा शाळेचा हे ठरलेलं होतं. माझे आजोबा शाळेला शेवटपर्यंत 'लोकल बोर्डाची शाळा' म्हणायचे. १९५६ साली आपण म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) आलो, बोर्ड गेलं, तरी त्यांच्या तोंडातला शब्द गेला नाही.

'सरकार बघून घेईल' म्हणणाऱ्यांचं मला अर्धं पटतं. छप्पर ही सरकारचीच जबाबदारी आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आणि प्रत्येक शिक्षकाला निदान एक वर्गखोली असं लिहिलेलं आहे. व्हरांड्यातली तिसरी त्यात बसत नाही. पण सरकार आपण होऊन बघत नाही, त्याला दाखवावं लागतं. तुमच्या पटाच्या शाळेला 'समग्र शिक्षण' या सरकारी योजनेतून वर्षाला २५ हजारांचं अनुदान मिळतं. त्यातला दहावा हिस्सा तरी स्वच्छतेला लावायचा, उरलेल्यात खडूपासून वीजबिलापर्यंत सगळं. त्यात छप्पर होत नाही. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं लागतात, म्हणजे उतार धरून एका खोलीला सात-आठशे. वर रीपा, वासे आणि मजुरी.

इथं माझी एक चूक सांगतो, मग पुढचं पटेल. मी तालुक्यात ३३ वर्षं मास्तरकी केली. त्यातल्या एका शाळेत (गावाचं नाव नको) मी मुख्याध्यापक असताना आम्ही वर्गणी काढली. बेचाळीस हजार जमले, तेव्हा ती रक्कम मोठी होती. उत्साहात फरशी घातली, भिंती रंगवल्या, दारावर सरस्वती काढून घेतली. छप्पर तसंच ठेवलं, कारण छपरासाठी एका ऑफिसात अर्ज दिला होता आणि 'या वर्षी होतंय' असं ऐकलं होतं. जुलैत कंकुंबीकडून पाऊस आला तो चार दिवस थांबला नाही. सरस्वतीच्या वीणेवरून पाणी उतरलं. हिशेब माझ्या खिशातल्या डायरीत होता, एक रुपया इकडचा तिकडे नव्हता, पण तो भिंतीवर कधी लावला नाही. तोंडावर कुणी काही बोललं नाही. तीन वर्षांनी पुन्हा वर्गणी मागायला गेलो, तेव्हा एका घरी चहा मिळाला, दुसऱ्या घरी चहाही नाही.

म्हणून भाच्याच्या गोष्टीतलं मतदान सोडून द्या आणि त्या मतदानाला बांधलेली यादी उचला. ती आपल्याला कायद्यानं मोकळी आहे, बघा की! शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तुमच्या समितीनंच करायचा असतो आणि सरकारनं द्यायच्या अनुदानाचा आधार तोच आराखडा, असं त्या कलमात लिहिलंय. बहुतेक शाळांत तो मार्चमध्ये गेल्या वर्षीच्या कागदावरून उतरवून काढतात. मीही उतरवलाय, खोटं कशाला बोलू.

या वेळी तसं करू नका. गावातला जुना सुतार घेऊन वर चढा. आमच्याकडे निम्मी गळती कौलांची नसते, रीप कुजून कौल सरकलेलं असतं. उरलेली वानरांची. वानरं आढ्यावरून उड्या मारतात तिथली कौलं दर वर्षी फुटतात. म्हणजे काही काम शेकारणीचं, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट बसवण्याचं निघेल आणि काही लाकडाचं. ते वेगळं लिहा. फुटकी कौलं बदलणं आणि शेकारणी गाव एका रविवारी करू शकतं. वासे आणि आढं बदलायचं असेल किंवा भिंत फुगली असेल तर तिथं वर्गणीचा पैसा घालू नका. इंजिनिअरला बोलावून लेखी दाखला घ्या आणि ते काम सरकारच्या यादीत टाका. आपण भिंतीला गिलावा करून तडा झाकला की पुढचा साहेब 'इमारत सुस्थितीत' असं लिहून जातो.

आराखड्याचा ठराव समितीच्या वहीत घ्या. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असा कायदा आहे, तेव्हा सह्या करायला तरी त्यांना बोलवा असं म्हणणार होतो, पण खरं तर बोलायला बोलवा. डबा, पाणी आणि ओली दप्तरं त्यांनाच माहीत. ठराव मराठीत असू दे, सोबत कन्नड प्रत जोडा. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात मराठी कागद 'भाषांतराला' गेला की गेला. एक प्रत पीडीओला (पंचायत विकास अधिकाऱ्याला) देऊन ग्रामसभेत विषय नोंदवा. नोव्हेंबरच्या सुमारास पंचायतीत मक्कळ ग्रामसभा, म्हणजे मुलांची ग्रामसभा भरते. तिथं तिसरीच्या पोरांना उभं करा. आमच्या एका पोरीनं अध्यक्षांना विचारलं होतं, "तुमच्या केबिनमध्ये बादली कुठं ठेवता?" कंपाऊंड, स्वच्छतागृह यांसाठी उद्योग खात्रीतून (रोजगार हमीतून) आजवर बऱ्याच शाळांत काम झालंय, आमदार फंडातूनही होतं. कौलांच्या यादीत ते मिसळू नका, वेगळा कागद करा.

मग वर्गणी. लक्ष्मीच्या यात्रेला तुमच्या गावात घरटी वर्गणी निघतेच आणि ती देवळात बसून ठरते. त्याची कुरकूर मी करणार नाही. यात्रेचा हिशेब देवळात मोठ्यानं वाचला जातो, शाळेचा वाचला जात नाही, एवढाच फरक मी पाहिलाय. पैसे मागण्याआधी यादी शाळेच्या दारावर लावा : कौलं किती, रीपा किती, मजुरी किती. रक्कम शाळेच्या बँक खात्यात, अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सहीनं. पावती पुस्तक छापून घ्या. हिशेब तपासायला वर्गणी मागणाऱ्यांपैकी कुणी नको. शक्य असेल तर गावातला तो सगळ्यांत किरकिऱ्या माणूस घ्या, तुम्हाला ठाऊकच असेल कोण ते. आणि मुलाला प्रवेश देताना, टीसी देताना पालकाकडून एक पैसा घेऊ नका. प्रवेशाशी जोडलेली देणगी कायद्यानं गुन्हा आहे.

इंजिनिअरच्या दाखल्याची खटपट आजच सुरू करा. शेकारणी चैत्र-वैशाखात व्हायला हवी, मृगात वर चढलात तर कौलांबरोबर माणूस खाली येतो.

प्रश्न : गुरुजी, माझा मुलगा अमेरिकेत आहे. घर घेतलंय, कर भरतो, पण शाळेच्या कर्जासाठी मतदान झालं तेव्हा त्याला मत नव्हतं. हा कुठला न्याय? उलट शेजारच्या भाडेकरूला मत होतं!
— एक आई, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : ताई, मत नागरिकाला असतं आणि कर घराला. मुलगा व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असेल तर त्याला कर भरावा लागतो, मत देता येत नाही. भाडेकरू नागरिक असेल तर त्याला मत आहे. कराची पावती त्याच्या नावावर येत नाही, पण मालक भाड्यात थोडाफार काढतोच. मुलाला एक सांगा. डिस्ट्रिक्टच्या सभा खुल्या असतात आणि तिथं उठून बोलायला मतदार असावं लागत नाही. देखरेख समितीचे अहवालही कुणालाही वाचता येतात. आपल्याकडच्या बैठकीतले हिशेब त्याला लहानपणी बघायला मिळाले नाहीत, तिकडचे तरी बघू दे.

(आराखड्याचा आणि पावतीचा नमुना मराठी-कन्नड दोन्हीत तयार आहे. हवा असेल त्यांनी स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट अंकाच्या पत्त्यावर पाठवावं. तिकीट विसरू नका, गेल्या खेपेला अकरा जण विसरले.)