वाचकांचे प्रश्न : पंधरा काडतुसांची आखूड बंदूक घरासाठी उपयोगाची आहे का?

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक रीतसर परवान्यानिशी माझ्या नावावर झाली. मुरबाडकडच्या वाड्यात ती ठीक होती. आता आम्ही कोपरीत फ्लॅटमध्ये राहतो आणि जवळजवळ चार फुटांची बंदूक हातात घेऊन पॅसेजमध्ये वळणेही कठीण जाते. अमेरिकेतील माझ्या भाच्याकडे ‘केल-टेक केएसजी’ नावाची आखूड बंदूक असून तिच्यात पंधरा काडतुसे मावतात. घराच्या रक्षणासाठी याहून सोयीचे हत्यार नाही, असे तो म्हणतो, तर सैन्यातून निवृत्त झालेले माझे थोरले बंधू तिला निव्वळ खेळणे म्हणतात. आपले मत काय? अशी बंदूक येथे मिळेल का, आणि न मिळाल्यास आहे त्या दुनळीच्या नळ्या कापून घेता येतील का?
— एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात विलंब नको. नळ्या कापू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ नुसार खास परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणे हा गुन्हा आहे, आणि एखादा कारागीर तयार झाला तरी त्याने आपली जबाबदारी तसूभरही कमी होत नाही.

आता आपल्या भाच्याच्या बंदुकीविषयी. २०११ साली लोकांसमोर आलेली ही बंदूक पंप ॲक्शनची आहे, म्हणजे पुढची मूठ मागे ओढून पुढे सारली की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवे काडतूस नळीत जाते. तिची सारी यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्यातच बसवलेली असल्यामुळे नळी साडेअठरा इंचांची असूनही एकूण लांबी जेमतेम सव्वीस इंच भरते. नळीखाली काडतुसांच्या दोन नळकांड्या शेजारी शेजारी असून प्रत्येकीत पावणेतीन इंची सात काडतुसे राहतात, आणि एक नळीत, असा पंधराचा हिशेब आहे. पुंगळी खालच्या बाजूने पडते, त्यामुळे डावखुऱ्या माणसालाही ती अडचणीची ठरत नाही. खेळणे म्हणून ती झटकून टाकण्यासारखी नाही, हे आपल्या बंधूंना माझ्या वतीने अवश्य सांगावे.

तरीही व्यवहाराच्या कसोटीवर माझे मत त्यांच्याच बाजूला झुकते. याचे कारण त्या दोन नळकांड्यांमध्येच आहे. चापाच्या कड्यामागे एक लहानशी कळ असते. ती एका बाजूला असली की डाव्या नळकांडीतून काडतूस येते, दुसऱ्या बाजूला असली की उजव्या, आणि मध्ये असली तर कोणत्याच नळकांडीतून येत नाही. एक नळकांडी रिकामी झाली की ही कळ बंदूक आपणहून फिरवत नाही, ती माणसाने फिरवायची असते. झोपेतून दचकून उठलेल्या, छाती धडधडत असलेल्या माणसाला ही कळ त्या क्षणी आठवेल, अशी खात्री वर्षानुवर्षे सराव करणाऱ्यालाच देता येईल. मूठ पूर्ण मागे न ओढता अर्ध्यावरूनच पुढे सारली तर काडतूस अडकते, आणि घाईत हे हमखास घडते. शिवाय रिकामी असताना सुमारे तीन किलोंची ही बंदूक चौदा-पंधरा काडतुसांनी आणखी अर्ध्या-पाऊण किलोने जड होते, आणि ती काडतुसे खालच्या फटीतून एकेक करूनच भरावी लागतात. पुढची मूठ नळीच्या तोंडाच्या इतकी जवळ असते की, हात घसरून नळीपुढे जाण्याची भीती मला सर्वांत गंभीर वाटते.

राहिला पंधरा काडतुसांचा प्रश्न. केएसजीसारख्या छर्ऱ्याच्या बंदुकीला नेम धरावा लागत नाही, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. एका खोलीच्या अंतरावर छर्रे तळहाताएवढ्या जागेतच एकवटलेले असतात, तेव्हा नेम चुकला तर सारेच चुकले. एल.जी. किंवा एस.जी.सारखा मोठा छर्रा फ्लश दरवाजातून आरपार जातो आणि काँक्रीटवर आपटून कुठेही उलटू शकतो. आपल्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे मूल झोपलेले असते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३७ स्वसंरक्षणातही गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा देत नाही. अशा घरात काडतुसांची संख्या वाढवण्यापेक्षा पहिलेच काडतूस झाडावे की नाही, याचा विचार शांतपणे करता येणे अधिक मोलाचे आहे.

ही बंदूक येथे मिळण्याचा मार्गही बंद आहे. स्वसंरक्षणाच्या परवान्यासाठी आपल्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये गुळगुळीत नळीच्या ज्या बंदुकीचा उल्लेख आहे, तिची नळी वीस इंचांहून कमी असता कामा नये. अमेरिकेच्या संघीय कायद्यातील मर्यादा नळीसाठी अठरा आणि एकूण लांबीसाठी सव्वीस इंच अशी आहे. केएसजी नेमकी त्या मर्यादेला धरून घडवलेली आहे, आपल्या नव्हे. परदेशातून बंदूक आणण्याची सवलतही नावाजलेल्या नेमबाजांसारख्या मोजक्यांनाच आहे.

आपली दुनळी आपल्याजवळच ठेवावी. ती बिजागरीपाशी मोडून उघडली की दोन्ही नळ्या भरलेल्या आहेत की रिकाम्या, हे अंधूक उजेडातही डोळ्यांना दिसते, बोटांना कळते. एवढा साधेपणा कोणत्याही पंप ॲक्शनमध्ये नाही. पॅसेजमध्ये बंदूक घेऊन हिंडण्याऐवजी कुटुंबाला एका खोलीत घेऊन, दार लावून ११२ क्रमांकावर फोन करावा, म्हणजे लांबीची अडचण उरत नाही. बंदूक कुलुपात आणि काडतुसे वेगळ्या कुलुपात ठेवावीत. खाडीकाठच्या दमट हवेत नळीला आतून गंज फार लवकर धरतो, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला तेलाचे फडके फिरवावे.

प्रश्न : मी रोकड वाहतुकीच्या गाडीवरील सशस्त्र रक्षकांचे काम पाहतो. गाडीत बसताना-उतरताना त्यांना लांब बंदूक अडचणीची होते. त्यांच्यासाठी आखूड बंदूक योग्य ठरेल का?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : आखूडपणाचा खरा उपयोग गाडीच्या आतच आहे, त्यामुळे आपली गरज मला रास्त वाटते. पण वीस इंचांची अट आपल्या रक्षकांनाही लागू आहे. देशी आयुध निर्माणीची पंप ॲक्शन मिळते. तिचा विचार करायचा झाल्यास आधी नळीची लांबी मोजून घ्यावी आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरील गर्दीत ती कधीही न झाडता आल्यास रक्षकाने काय करायचे, हे त्याला लेखी शिकवावे. गाडीत बसताना नळीत काडतूस नसावे आणि तिचे तोंड सहकाऱ्याच्या पायांकडे नसावे, या दोन गोष्टी आपण रोज स्वतः पाहाव्यात.