राजाबाई टॉवरमधील ग्रंथालयात पहिल्यांदा जाताना

प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव लाभलेल्या राजाबाई टॉवरचे बांधकाम १८७८ साली पूर्ण झाले. मुंबई विद्यापीठाचे फोर्टमधील ग्रंथालय याच वास्तूत आहे. तुमचा विषय अरबी, फारसी किंवा उर्दू साधनांशी निगडित असेल, तर थेट हस्तलिखिताची मागणी नोंदवू नका. या ग्रंथालयातील अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची १९३५ साली प्रसिद्ध झालेली वर्णनात्मक सूची आधी बारकाईने वाचा, हव्या त्या हस्तलिखिताचा क्रमांक टिपून घ्या आणि मगच मार्गदर्शकांचे पत्र घेऊन ग्रंथपालांना भेटा, कारण नेमकी मागणी असली की मदत करणे त्यांनाही सोपे जाते. प्रबंध मात्र आधी ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात पाहावेत, तेथे मिळाले, तर ग्रंथालयातला मोलाचा वेळ जुन्या साधनांसाठी राखता येतो. विद्यापीठाचेच कालिन्याचे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय वेगळे आहे, तेव्हा हवा असलेला ग्रंथ कोठे आहे याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.