एच-इंडेक्स मोठा म्हणजे गाईड चांगला का?

प्रश्न: पोरगी जळगावला मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करतेय, पुढे व्हायरसवर पीएचडी करायचीय. दोन गाईड बघितलेत, एकाचा एच-इंडेक्स 14, दुसऱ्याचा 38. कोणाकडे पाठवू?
– एक पालक, रावेर

उत्तर: भाऊ, नुसत्या आकड्यावर ठरवू नका. 14 म्हणजे त्यांचे 14 पेपर असे की प्रत्येकाचा उल्लेख (म्हणजे सायटेशन) पेपरांमध्ये निदान 14 वेळा झालाय, हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने 2005 मध्ये काढलेलं हे माप, आणि ते वयासोबत वाढतच जातं. हा आकडा गूगल स्कॉलर आणि स्कोपस या पेपर नि सायटेशन मोजणाऱ्या साइटींवर मिळतो, गूगल स्कॉलरवर तो स्कोपसपेक्षा बहुतेक वेळा जास्तच दिसतो, म्हणून दोघांचा एकाच ठिकाणचा बघा.

खरी गोम विषयात आहे. तुमच्याकडे केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) येतो, मावा ही कीड तो पसरवते, रोपं उपटून फेकावी लागतात, आता यावर जन्मभर राबणाऱ्याला सायटेशन कमीच मिळणार कारण त्यावर लिहिणारेच थोडे, आणि 2020 नंतर कोरोनावरच्या कितीतरी रिव्ह्यूंना (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या पेपरांना) ढिगानं मिळाली. मी तर 14 वाल्याचे पेपर आधी वाचायला सांगेन.

पोरीला म्हणा, अलीकडचे पेपर काढ, पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का बघ, म्हणजे श्रेय विद्यार्थ्याला मिळतं का कळेल, गाईडचं बहुतेक शेवटी असतं. गाईडनं स्वतःच स्वतःला किती साईट केलंय (स्वतःच्याच पेपरांचा उल्लेख) तेही बघ, आणि एखादा पेपर मागे घेतलाय का. मग जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावा, पीएचडी किती वर्षांत झाली, फेलोशिप वेळेवर मिळाली का विचारा, हे कुठल्याच प्रोफाइलवर नसतं.