पोट अडलं की गोळीही अडते

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना (वय 71) पार्किन्सन आहे. चार-चार दिवस पोट साफ होत नाही, दोन घास खाल्ले की ‘भरलं’ म्हणतात. सकाळची पार्किन्सनची गोळी दुधाबरोबर घेतात. ती कधी लागू पडते, कधी दुपारपर्यंत हात थरथरतच असतो. गॅससाठी मेडिकलमधून उपाशीपोटी घ्यायची कॅप्सूल आणली, तेव्हापासून चाल उलट मंदावली. संध्याकाळी भडंग लागतंच. काय करावं? – एक सून, तासगाव

उत्तर : ताई, आधी त्या कॅप्सूलचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल या ॲसिडिटीच्या औषधांच्या जोडीला ‘लेव्होसल्पिराइड’ लिहिलेलं असेल, तर आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा. हे औषध डोपामिनच्या, म्हणजे पार्किन्सनमध्ये कमी पडणाऱ्या मेंदूतल्या रसायनाच्या, कामात आडवं येतं. धडधाकट माणसालाही त्यानं ताठरपणा आणि कंप येऊ शकतो. उलटीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या मेटोक्लोप्रमाइडचंही तेच. दुकानदाराला नुसतं ‘गॅसची गोळी द्या’ म्हणू नका. घरात पार्किन्सनचा पेशंट आहे, हे आधी सांगा. पार्किन्सनची गोळी मात्र मनानं बंद करायची नाही.

आता सासऱ्यांच्या पोटाचं. हा आजार आतड्यांच्या नसांनाही धरतो. अनेकांना कंप सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधी बद्धकोष्ठ असतं, आणि घरचे ते वयावर ढकलतात. जठरही सावकाश रिकामं होतं, म्हणून दोन घासांत पोट भरतं. लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनच्या गोळीतलं मुख्य औषध, शोषलं जातं लहान आतड्यात. गोळी जठरातच रेंगाळली तर हात थांबणार कसा? त्यात दूध! दुधातल्या प्रथिनांची आणि या औषधाची शोषली जाण्याची वाट एकच, त्यामुळे गोळी मागे पडते. म्हणून जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, साध्या पाण्याबरोबर द्या. मळमळलं तर एखादं बिस्किट चालेल. दूध, डाळ, अंडी बंद करू नका, वजन उतरेल; फक्त गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा. लोहाची गोळी चालू असेल तर तीही वेगळ्या वेळी.

पाणी किती पितात, ते बघा. रात्री लघवीला उठायला नको म्हणून ही मंडळी संध्याकाळपासून पेला हातात धरत नाहीत. पाणी कमी आणि इसबगोल जास्त, असं झालं तर मळाचा गोळाच होतो. दिवसा पाणी वाढवा, पालेभाजी, पपई, भिजवलेले मनुके द्या (ते तर तुमच्या तासगावचेच), आणि सकाळी चहानंतर ठरावीक वेळी बसवा. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट ठेवा. एवढ्यानं भागलं नाही तर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर डॉक्टरांच्या सल्ल्यानं रोज घेता येते. कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल तर तेही विचारा, त्यानं बद्धकोष्ठ वाढतं.

भडंगाचं म्हणाल, तर खाताना ठसका लागतो का, पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घशात पाणी अडल्यासारखा येतो का, हे बघा. तसं असेल तर कोरडं भडंग बंद, मऊ भात-आमटी द्या आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. ठसका नसेल तर मूठभर खाऊ द्यात, पण ताठ बसून, टीव्ही बंद करून.

पोट फुगून घट्ट झालं, उलट्या लागल्या, वाराही सरेना, तर एरंडेल पाजत घरी बसू नका. त्याच दिवशी सांगली-मिरजेला गाठा, आणि सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, ती कॅप्सूलसुद्धा.