डिझाइनवाले आणि शॉपफ्लोअर एकत्र कधी बसणार?

प्रश्न: वेर्ण्याला पंप बनवणाऱ्या कंपनीत आहे. नवीन मॉडेल चवथीच्या आधी काढायचं ठरलेलं, पण डिझाइनवाले ड्रॉइंग देऊन मोकळे होतात आणि कास्टिंग (धातू ओतून बनवलेला भाग) आलं की कळतं मशीनिंगला टूलच पोचत नाही. मग परत पहिल्यापासून. सगळीकडे असंच असतं का? - एक वाचक, वास्को

उत्तर: भाऊ, बऱ्याच ठिकाणी असतं, पण असायलाच पाहिजे असं अजिबात नाही. मूळ भानगड अशी की प्रत्येक डिपार्टमेंट आपल्या साहेबाला उत्तर देतं, अख्ख्या पंपाला वाली कोणीच नाही. टोयोटात प्रत्येक गाडीला एक चीफ इंजिनियर असतो, बहुतेक इंजिनियर त्याच्या हाताखाली नसतात तरी गाडीबद्दल शेवटचा शब्द त्याचा, कारण गिऱ्हाइकाला काय हवं आणि खर्च किती हे दोन्ही त्यालाच सांभाळायचं असतं. तुमच्याकडे निदान एक माणूस तरी असा नेमायला सांगा, आणि तो शॉपफ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष मशीनं चालतात तिथं, फिरणारा हवा, नुसता एक्सेल भरणारा नको.

दुसरं म्हणजे स्टेज-गेट, रॉबर्ट कूपर यांनी मांडलेली पद्धत. प्रत्येक टप्प्यानंतर थांबून पुढे जायचं की बंद करायचं ते ठरवायचं, हे थांबणं म्हणजे गेट. आपल्याकडे मीटिंग होते पण बंद कोणी करत नाही, मला हे फार खटकतं. पॅटर्नची (ज्यावरून कास्टिंगचा साचा घेतात तो नमुना) ऑर्डर जायच्या आधीच्या गेटला मशीनिंगवाला, फाउंड्रीवाला, खरेदीवाला, सगळे टेबलावर पाहिजेत, कारण कागदावरची रेघ फुकटात बदलते, पॅटर्न बनल्यावर पैसेही जातात आणि आठवडेही.