नाशिकच्या बागेसाठी पिवळ्या डॅफोडिलचा कोणता वाण निवडावा?

नाशिकमध्ये पिवळे डॅफोडिल लावायचे असून ‘किंग आल्फ्रेड’ घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की तो घेऊ नये. ‘किंग आल्फ्रेड’, ‘डच मास्टर’ यांसारख्या लांब तुतारीच्या फुलांच्या वाणांना, दांडा नीट वाढून फूल उमलण्यासाठी, सुमारे १२ ते १६ आठवडे सलग थंडी लागते; निफाडला पहाटे पारा कितीही उतरला, तरी आपल्याकडचे दुपारचे ऊन ती थंडी टिकू देत नाही. त्याऐवजी टाझेटा गटातला ‘ग्रँड सोलेय द’ओर’ शोधावा. त्याला अशा थंडीची गरज जवळजवळ नसते आणि एकाच दांड्यावर सोनेरी पाकळ्यांच्या, मधोमध नारिंगी वाटी असलेल्या लहान, सुगंधी फुलांचा झुपका येतो. तो सुगंध मला मोठ्या फुलापेक्षा मोलाचा वाटतो. हाताला टणक आणि जड लागणारेच कंद घेऊन ते नोव्हेंबरमध्ये लावावेत. आपली काळी माती पाणी धरून ठेवते व कंद कुजतात, म्हणून वाळू आणि कंपोस्ट मिसळलेली कुंडी बरी. तपकिरी पापुद्र्यातला हा कंद अगदी कांद्यासारखा दिसतो, पण तो विषारी असतो. त्याची पिशवी स्वयंपाकघरात मुळीच ठेवू नये.