फोटोफ्रेमा आणि खेळण्यांसाठी कोणता डिस्क सँडर घ्यावा?

तुम्ही विचारलंय, घरामागच्या १० बाय १२ च्या खोलीत फोटोफ्रेमा आणि लाकडी खेळणी करायची आहेत, तर ६ इंची डिस्क आणि बेल्ट एकत्र असलेलं मशीन घ्यावं की नुसता ८ किंवा १२ इंची डिस्क सँडर, म्हणजे फिरत्या चकतीवर सँडपेपर लावून लाकूड घासणारं मशीन. मीही नागपुरातच आहे आणि घरच्या खोलीत हेच काम करतो. माझं मत स्पष्ट आहे: नुसता डिस्क सँडर घ्या. पैसा आणि जागा पुरत असेल तर १२ इंची, नाहीतर ८ इंची. आणि दुकानात मोटरचे एचपी विचारण्याआधी टेबल, म्हणजे डिस्कसमोर लाकूड टेकवायची पाटी, बघा.

हे मी पैसे घालवून शिकलो. माझं पहिलं मशीन ६ इंची जोडमशीन होतं. टेबल पातळ पत्र्याचं, एकाच बाजूने धरलेलं. लाकूड जरा रेटलं की लवायचं. खाचेत सरकणारं कोनाचं गेजही ढिलं होतं. लकडगंजातून सागवानाच्या पट्ट्या आणून मी एक फ्रेम केली. तीन कोपरे छान बसले आणि चौथ्यात रुपयाचं नाणं अडकेल एवढी फट राहिली. नंतर हिशेब मांडला. चौकटीला ४५ अंशांचे ८ काप असतात. प्रत्येक कापात अर्ध्या अंशाची चूक एकाच बाजूला झाली, तर शेवटच्या कोपऱ्यात ती ४ अंश होते. इंचभर रुंद पट्टीच्या तिरक्या कापावर ४ अंश म्हणजे जवळजवळ अडीच मिलिमीटर. लांबी (पुट्टी) भरून अशी फट झाकता येत नाही, पॉलिश केलं की ती उलट उठून दिसते.

म्हणून दुकानात जाताना खिशात छोटा गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) आणि पेन्सिल न्या. गुण्या टेबलावर ठेवून डिस्कला लावा आणि दुसऱ्या हाताने टेबलाचा पुढचा कोपरा जोरात दाबा. मधून उजेड दिसायला लागला तर ते मशीन तिथेच सोडा. बिडाचं किंवा जाड ॲल्युमिनियमचं, दोन्ही बाजूंनी धरलेलं टेबल हवं. मग प्लग काढून पेन्सिलचं टोक डिस्कच्या कडेला अगदी जवळ धरा आणि डिस्क हाताने फिरवा. कुठे टेकतंय, कुठे सुटतंय, त्यावरून डिस्क डुलते का ते कळतं. टेबल आणि डिस्क यांतली फट दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवता आली पाहिजे. जास्त असेल तर खेळण्याचा बारीक तुकडा आत ओढला जातो, आणि त्याच्यामागे बोट.

आता आकार. डिस्कचा जो अर्धा भाग खाली जातो, तेवढाच वापरायचा. वर येणाऱ्या बाजूला लाकूड उचललं जातं आणि भुसा थेट तोंडावर येतो. मध्यबिंदूपाशी तर वेगच नसतो. म्हणजे ८ इंची डिस्कवर कामाची रुंदी ४ इंचही मिळत नाही, १२ इंचीवर ६ पेक्षा थोडी कमी. ६ इंचीवर किती उरेल, तुम्हीच बघा.

वेगाचंही समजून घ्या. १४४० आरपीएमवर १२ इंची डिस्कची कड सेकंदाला साधारण २३ मीटर धावते. ६ इंची डिस्क २८०० वर फिरली तर तिची कडही जवळजवळ तेवढीच धावते. म्हणजे घासणं तितकंच, पण कागद कमी, त्यामुळे तो लवकर तापतो आणि भरतो. सागवानात तेल असतं, तिथे हे हमखास होतं. पट्टीच्या टोकावर काळे डाग पडतात. लाकूड एका जागी दाबून धरू नका, सरकवत राहा. ८० आणि १२० नंबरचे कागद पुरतात, त्याहून बारीक हातानेच मारा. कागद भरला की चप्पल दुरुस्तीवाल्याकडून आणलेला क्रेप सोलचा तुकडा फिरत्या डिस्कवर दाबा, बराचसा साफ होतो. कागद चिकटवायचाच घ्या. वेल्क्रोचा थर मऊ असल्यामुळे कडा गोल होतात.

मोटर इंडक्शनची आणि बंद बॉडीची असावी, नाहीतर भुसा आत जातो. ८ इंचीला अर्धा ते पाऊण एचपी, १२ इंचीला १ एचपी, आणि प्लग १६ अँपिअरच्या पॉइंटलाच. बजेट आडवं येत असेल तर हिंगणा एमआयडीसीकडच्या एखाद्या लेथवाल्याकडून डिस्क करून घेता येते. ती मोटरच्या शाफ्टवर बसवूनच फेसिंग (पुढची बाजू सपाट तासणं) करून घ्या, आणि गार्डशिवाय घरी आणू नका.

भुशाबद्दल कळकळीने सांगतो. आयएआरसी या जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदवली आहे. सँडरच्या नळीला व्हॅक्यूम जोडा आणि एन-९५ मास्क लावा. उन्हाळ्यात आपल्याकडे खोलीत कूलर लागतोच, पण सँडिंग करताना तो बंद ठेवा. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि तीच हवा बारीक भुसा घेऊन दारातून घरात शिरते. हातमोजे मात्र घालू नका, डिस्कमध्ये अडकतात. आणि घरात लहान मुलं असतील तर लक्षात ठेवा, १२ इंची डिस्क बटण बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहते. ती पूर्ण थांबेपर्यंत मी जागेवरून हलत नाही, आणि मग प्लग काढूनच खोलीबाहेर पडतो.